मदत हवी आहे: कॉसमॉस खांद्याएवढा वाढला, पण कळी नाही

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. अंगणात दिवसभर ऊन, मुरमाड जमीन, पाणी दोन दिवसांआड. पिवळा-केशरी कॉसमॉस इथे दरवर्षी आपोआप उगवतो, त्याची काही तक्रार नाही. यंदा हौसेने गुलाबी-पांढऱ्याचं बी आणलं, जुलैच्या शेवटी टाकलं. वाफ्यात दोन घमेली शेणखत घातलं (सासूबाई नको म्हणत होत्या!). आता ऑक्टोबर उजाडला. पानं बडीशेपेसारखी बारीक, हिरवीगार. झाडं माझ्या खांद्याला लागली. कळी मात्र एकही नाही. परवाच्या वाऱ्यात चार झाडं आडवी झाली, तुरकाट्या लावून उभी केलीत.

खत जास्त झालं की नुसता पाला वाढतो, हे कळतंय. पण दुसरी शंका अशी, की गुलाबी कॉसमॉसला फुलायला रात्र मोठी लागते ना? आमच्या वाफ्यावर रस्त्याचा दिवा रात्रभर असतो. त्यामुळे अडलं असेल का? रात्री गोणपाट बांधून आडोसा केला तर चालेल?

आणि आता शेंडे खुडू का? फुटवे येतील, पण फुलं आणखी लांबतील अशी भीती वाटते. दिवाळीला दारात फुलं हवी होती हो. कोरड्या भागात कुणी गुलाबी कॉसमॉस फुलवला असेल तर बी कधी टाकलं तेही सांगा.