मदत हवी आहे : एका बाटलीवर सांध्याची रेघच नाही, दुसरीच्या बुडावर विचित्र व्रण

नमस्कार. वारशाने आलेल्या एका लाकडी पेटीतून काचेच्या दोन जुन्या बाटल्या निघाल्या आहेत. त्यांचा काळ ठरवण्यासाठी वाचून जे आडाखे बांधले होते ते या दोन्ही बाटल्यांपुढे फसले आहेत, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

पहिली बाटली गडद हिरवी, उतरत्या खांद्यांची, बहुधा मद्याची आहे. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे उमटणारी उभी रेघ तिच्यावर कुठेही नाही. नख बुडापासून गळ्यापर्यंत फिरवले तरी अडकत नाही. साच्याशिवाय, नुसत्या फुंकणीने घडवलेल्या बाटलीवर अशी रेघ नसते, म्हणून ही 1850 च्या आधीची असावी असे मी धरून चाललो होतो. परंतु तसे असते तर तोंड घडवताना बाटली बुडाकडून धरून ठेवणाऱ्या सळईचा, म्हणजे पाँटिलचा, खरखरीत व्रण तळाशी राहायला हवा होता. इथे बुडाचा खळगा गुळगुळीत असून त्याच्या मधोमध वाटाण्याहून लहान असा गोल उंचवटा आहे. शिवाय बाटली दिव्यासमोर तिरपी धरली की अंगावर केसासारख्या बारीक आडव्या रेघा दिसतात, जणू काचेवर कुणी दोरा गुंडाळून पुन्हा काढून घेतला असावा.

दुसरी बाटली पारदर्शक असून तिला फिकट जांभळी छटा आहे. तिच्या बुडावर मात्र व्रण आहे : वेडावाकडा, पिसासारख्या कडांचा, केंद्रापासून सरकलेला वर्तुळाकार ओरखडा. हाच पाँटिलचा व्रण समजावा, तर सांध्याची रेघ थेट तोंडाच्या काठावर चढलेली आहे, याची संगती लागत नाही. पहिली अधिक जुनी की दुसरी?

प्रतिसाद :
आपण ज्या रेघांचा उल्लेख जाता जाता केला आहे, उत्तर त्यांतच आहे. पहिली बाटली साच्यातच फुंकलेली आहे, पण साच्यात गोल फिरवलेली. अशा साच्याच्या आतल्या बाजूला लेप लावून तो ओला ठेवत असत. तापलेली काच आत शिरताच वाफेचा पातळ थर तयार होई आणि कारागीर फुंकता फुंकता बाटली फिरवत असल्यामुळे सांध्याची रेघ पुसली जाऊन आडव्या रेघा उमटत. खळग्यातला उंचवटा साच्याच्या तळाशी असलेल्या छिद्रात काच शिरल्यामुळे आलेला असावा. पाँटिलचा व्रण नाही, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बूड न चिकटवता अंगाभोवती आवळणारी पकड रूढ झाली होती. या पद्धतीच्या मद्याच्या बाटल्या प्रामुख्याने 1880 ते 1910 च्या दशकांतल्या सापडतात. खात्री करायची असेल तर अंगावर उठावदार अक्षरे आहेत का ते पाहावे. फिरवलेल्या बाटलीवर ती टिकूच शकत नाहीत.

दुसरी यंत्रावर घडलेली आहे. मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र वितळलेली काच खालून ओढून घेई आणि पाते ती खालच्या बाजूला कापून टाकी. त्या कापाची खूण म्हणजे आपला व्रण. हे यंत्र 1903 च्या सुमाराचे, त्यामुळे बाटली त्याआधीची असूच शकत नाही. काचेतल्या लोहामुळे येणारा हिरवेपणा घालवण्यासाठी मँगनीज टाकत, आणि तेच वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यावर जांभळे होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याचा वापर कमी होत गेला. कृत्रिम किरणांनी गर्द जांभळ्या करून विकलेल्या बाटल्याही बाजारात फिरतात, तेव्हा आपली छटा फिकट आहे हे चांगलेच आहे.

पुन्हा धागाकर्ता :
मनःपूर्वक आभार. भिंगातून पाहिले : पहिल्या बाटलीवर एकही अक्षर नाही, आणि दुसरीचा व्रण एका बाजूने बुडाची कड ओलांडून अंगावर किंचित चढलेला आहे. म्हणजे बुडावरच्या व्रणामुळे जास्त जुनी वाटू लागलेली दुसरी बाटलीच बहुधा धाकटी निघाली. पहिलीच्या तोंडावर काचेचा वेगळा पट्टा बसवलेला दिसतो आहे. त्याचे छायाचित्र उद्या तिरप्या उजेडात काढून जोडतो.