संत्र्याच्या सालीचा रंग सुती कापडावर का टिकत नाही?

प्रश्न – बचतगट, वरुड

रसवाल्यांकडून आंबिया बहारात (हिवाळ्याच्या सुरुवातीला निघणाऱ्या संत्र्यांच्या हंगामात) रोज १५-२० किलो साली मिळतात. २ किलो ओल्या साली १० लिटर पाण्यात तासभर उकळल्या, गाळून अर्धा किलो मांजरपाट बुडवला, मूठभर तुरटीही घातली. ओला असताना फिका पिवळा दिसतो, पहिल्या धुण्यात जवळजवळ सगळा जातो. साली कमी पडतात की वेळ? नारिंगी रंग हवा आहे. डाळिंबाच्या सालीही थोड्या मिळतात.

उत्तर – रंगकाम, अमरावती

ताई, साली दुप्पट केल्या तरी हेच होणार. उकळून झालेली साल हातात घेऊन बघा, ती अजून नारिंगीच असते. तो रंग कॅरोटिनॉइडचा, तेलात विरघळणारा. पाण्यात उतरतच नाही. पाण्यात येतो तो फ्लेव्होनॉइडचा फिका पिवळा, आणि सुताला धरून राहायचा जोर त्याच्यात नाही.

कापडाला डाळिंबाची साल घ्या. तिच्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं, ते सुताला धरतं. १ किलो कोरड्या कापडाचं माप सांगतो.

कोरं कापड आधी २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. ही पायरी टाळली की कांजी आणि मेण राहतं आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं. मग अर्धा किलो वाळलेली साल कुटून २० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर तासभर ठेवा, खळखळ उकळू नका, गाळा. या काढ्यात ओलं कापड तासभर ठेवून पिळा. दुसऱ्या भांड्यात १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून तोच धुण्याचा सोडा २० ग्रॅम चिमटीचिमटीने टाका. फेस वर येतो, म्हणून भांडं मोठं घ्या. सोडा जास्त झाला तर पाणी दुधाळ होतं आणि तुरटी कापडात न जाता खाली बसते. यात कापड रात्रभर ठेवा, हलकं खंगाळा आणि पुन्हा त्याच काढ्यात पाऊण तास गरम करा. मोहरीसारखा पिवळा येतो. सावलीत वाळवा, आठवडाभर साबण लावू नका.

प्रश्नकर्ता

भाऊ, आधी हिरडा लावायला सांगतात, तो लावू का? आणि आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.

उत्तर – वनउपज, गडचिरोली

डाळिंबासोबत हिरडा नको. दोन्हींचं काम टॅनिनचंच, खर्च दुप्पट होतो. हिरडा पळसाच्या फुलांसाठी ठेवा. खरा नारिंगी हवा असेल तर फाल्गुनातली पळसफुलंच. काढ्यात चुन्याची निवळी थोडी घातली की पिवळा केशरीकडे वळतो. पण पळस उन्हात लवकर उडतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

पाण्याचं आधी तपासा. पेलाभर बोअरच्या पाण्यात दोन चमचे डाळिंबाचा काढा टाका. राखाडी झाक आली तर पाण्यात लोह आहे, पिवळा कधीच उजळ येणार नाही. लोखंडी कढईनेही तेच होतं. स्टीलचं भांडं वापरा. शेवाळी रंग मुद्दाम हवा असेल तर शेवटी किलोमागे १० ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार), पाच मिनिटं, पुरे. जास्त हिराकसानं सूत कुजतं.

उत्तर – साबण-मेणबत्ती, काटोल

संत्र्याच्या साली फेकू नका, त्यांचा रंग तेलात काढा. आतला पांढरा भाग खरवडून साली सावलीत, पंख्याखाली कडक वाळवा. उन्हात रंग उडतो. मोडली की कट्ट आवाज आला पाहिजे, ओल राहिली तर तेलाला बुरशी आणि खवट वास येतो. ५ किलो ओल्या सालीची साधारण १ किलो होते. १०० ग्रॅम भुकटी, अर्धा लिटर सूर्यफुलाचं तेल, भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात दोन तास. तेल इतकंच तापू द्या की भांड्याला बोट क्षणभरच टेकवता येईल. मलमलमधून गाळून दोन दिवस निवळू द्या. साबणात हेच तेल वापरा, वड्या अंधारात ठेवा.

आंबियाच्या साली बऱ्याचदा हिरवट असतात, मग तेलही हिरवट येतं. मृग बहाराच्या (पावसाळ्यात फुलून हिवाळ्याच्या शेवटी निघणाऱ्या) फळाला थंडीत रंग चढतो, तीच घ्या. वॅक्स केलेल्या फळाची साल कोमट सोड्याच्या पाण्याने धुवून घ्या. स्पिरिट किंवा पेट्रोलने रंग काढायचा नाद घरात करू नका, वाफ भडकते.

उरलेला चोथा थेट गांडूळखतात टाकू नका, सालीतल्या तेलाने गांडुळं पळतात. शेणात कालवून महिनाभर कुजू द्या, मग टाका.