उशीखालचा फोन आणि फुगलेली बॅटरी

प्रश्न : माझी आई रात्री फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवते. आठवड्याभरापासून फोनची मागची बाजू किंचित वर आली असून टेबलावर ठेवला की तो डुलतो. असा फोन वापरत राहणे धोक्याचे आहे का?

उत्तर १ : होय, आणि कृपया चार्जिंग आत्ताच थांबवा. लिथियम-आयन बॅटरीतील रसायनांचे विघटन होऊन आत वायू साठला की ती फुगते. अशा बॅटरीवर दाब पडला किंवा तिला टोकदार वस्तू लागली, तर आत शॉर्ट सर्किट होऊन ती पेट घेऊ शकते. म्हणून वर आलेले झाकण दाबून बसवू नका. फोन बंद करून कापड-कागदापासून दूर, फरशीवर ठेवा आणि अधिकृत सेवा केंद्रातूनच बॅटरी बदलून घ्या.

उत्तर २ : उशीखाली उष्णता कोंडते आणि उष्णतेने बॅटरी लवकर खराब होते. अनेक उत्पादक ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या वातावरणातच फोन वापरण्यास सांगतात.

प्रश्नकर्ती : मनःपूर्वक आभार. फोन बंद केला आहे. आईला तो गजरासाठी उशाशी लागत असे, म्हणून तिला साधे घड्याळ काढून दिले.

उत्तर १ : छान केलेत. काढलेली बॅटरी मात्र घरच्या कचऱ्यात टाकू नका. ती ई-कचरा संकलनातच द्यावी.