होम डिरेक्टरीला मराठीत काय म्हणावं?

टाकबोरू:
पायथन शिकवणारी एक पुस्तिका मराठीत आणतोय. एका वाक्यापाशी गाडी अडलीय: 'सेटिंगची फाईल वापरणाऱ्याच्या होम डिरेक्टरीत ठेवा, तिचा पाथ स्क्रिप्टमध्ये कायमचा लिहून ठेवू नका.' होम डिरेक्टरी म्हणजे संगणकावर प्रत्येक वापरणाऱ्याचा स्वतःचा फोल्डर, पाथ म्हणजे फाईलचा पत्ता. मी 'गृहनिर्देशिका' लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, ही गृहखात्यातल्या फोन नंबरांची यादी वाटते. सुचवा काहीतरी.

उंबरठा:
बाईंचं बरोबर आहे. निर्देशिका म्हटलं की दूरध्वनीचीच आठवते. फोल्डर रुळलाय, सरळ 'होम फोल्डर' लिहा.

पिंपळपार:
रुळलेलंच घ्यायचं तर मराठीत आणायची कशाला? माझं मत 'बिऱ्हाड'ला. लिनक्समधलं /होम म्हणजे वाडा, आत प्रत्येकाचं स्वतंत्र बिऱ्हाड. मालक, म्हणजे सगळे अधिकार असलेला रूट, वेगळा /रूटमध्ये राहतो.

उंबरठा:
बिऱ्हाड भाड्याचं, आज इथे तर उद्या तिथे. होम हक्काचं असतं. अर्थच फिरतो.

पिंपळपार:
होमही हलतं की! पायथनचं एक्सपांडयूजर, म्हणजे ~ या चिन्हाच्या जागी होमचा पाथ घालणारं फंक्शन, युनिक्सवर आधी 'होम' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारं सेटिंग) बघतं. ते नसेल तरच पासवर्ड डेटाबेसमधली, म्हणजे वापरणाऱ्यांच्या यादीतली, नोंद. व्हेरिएबल बदललं की बिऱ्हाड हललं.

शून्यापासून:
शब्द कुठलाही घ्या, पण ~ बद्दल नीट लिहा, मुलं तिथेच फसतात. ~ म्हणजे होम, हा अर्थ शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, लावतं. पायथनचं फाईल उघडणारं ओपन लावत नाही, त्याला '~/.कॉन्फिग/अमुक' दिलं तर फाईल सापडत नाही म्हणून एरर येते. फोल्डर बनवणाऱ्या मेकडर्सला दिलं तर आणखी वाईट: चालू फोल्डरात खरोखर ~ नावाचा फोल्डर तयार होतो. तो काढायला कुणी टर्मिनलवर 'आरएम -आर ~' लिहिलं, की शेल खरं होमच पुसायला घेतं. तिथे ./~ च लिहायला हवं. हे पुस्तिकेत ठळक छापा. स्क्रिप्टमध्ये पाथ.होम() वापरा, पायथन 3.5 पासून आहे. आणि विंडोजवर 3.8 पासून 'होम' व्हेरिएबल बघतच नाहीत, यूजरप्रोफाईल बघतात.

टाकबोरू:
ठळक चौकटच टाकतो. पण ~ ला काय म्हणू? टिल्ड?

उंबरठा:
टिल्डच. ~ आणि होमची सोयरीक 1970च्या दशकातल्या एडीएम-3ए टर्मिनलवरची. तिथे ~ आणि होम एकाच बटणावर छापलेले होते.

पिंपळपार:
बटण नव्हे, कळ. कळफलक म्हणतो ना आपण?

उंबरठा:
लिहितो. म्हणत कुणीच नाही. माझ्या आईला 'कळ दाबा' सांगितलं तर ती विचारेल, कुठे दुखतंय?

पिंपळपार:
कळसूत्री बाहुली म्हणताना दुखतं का कुणाला? यंत्राची कळ हा अर्थ जुनाच आहे. वापरला नाही म्हणून बोथट झालाय.

शून्यापासून:
शाळेत शिकवताना 'की दाबा' म्हणतो, सगळ्यांना कळतं. कळ आणि बटण दोन्ही राहू द्या.

पिंपळपार:
'की' तर मुळीच नको. 'एंटर की टॅब दाबू?' या वाक्यात 'की' म्हणजे 'अथवा', हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं?