सिलिंडरच्या रबरी बेलोसाठी दोन कोटेशन आलीत, कोणतं घ्यावं?

लिफ्टवाला_पुणे:
सिझर लिफ्टच्या सिलिंडर रॉडवर धूळ बसू नये म्हणून रबरी बेलो (घड्यांचं नळीसारखं आवरण) बनवून घ्यायचे आहेत. बाहेरचा व्यास 78 मिमी, नऊ घड्या, भिंत 2 मिमी. वर्षाला 2000 नग, दर तीन महिन्यांनी 500. लिफ्ट उघड्या यार्डात असतात, रॉडवरून थोडं हायड्रॉलिक तेल पाझरतं, तापमान 70 अंशांच्या आतच. भोसरीहून आलेलं कोटेशन: एका कॅव्हिटीचा (एका वेळी एकच नग निघणारा) मोल्ड 35,000 रुपये, नगाला 48 रुपये. चाकणहून आलेलं: चार कॅव्हिटी, मोल्ड 85,000, नगाला 39. दोघांनीही मटेरियलसमोर फक्त 'एनबीआर, 60 शोअर' (नायट्राइल रबर, हार्डनेस 60) लिहिलंय. निवड कशावर करायची?

कंपाउंडर:
आधी मटेरियल पक्कं करा, भाव नंतर. एनबीआर तेलाला चांगलं, पण हवेतल्या ओझोनला कच्चं. बेलोची घडी सतत ताणलेली असते आणि ओझोनच्या भेगा ताणाला आडव्या पडतात. उघड्या यार्डात साधं एनबीआर घडीच्या टोकावर आधी फाटणार. ईपीडीएम हे दुसरं रबर उन्हात टिकतं, पण खनिज तेलात फुगतं, म्हणून तेही बाद. तुमच्यासाठी निओप्रीन, नाहीतर एनबीआर-पीव्हीसी ब्लेंड. तेल नुसतं पाझरतंय, बेलो तेलात बुडालेला नाही, म्हणून मी निओप्रीन घेईन. हार्डनेस 55 ± 5 ठेवा. 60 च्या वर गेलात तर घड्या नीट मिटत नाहीत.

ड्रॉइंगवर ओझोन टेस्ट लिहा: 20 टक्के ताण, 40 अंश, 50 पीपीएचएम (हवेच्या दहा कोटी भागांत 50 भाग ओझोन), 72 तास, एकही भेग नको. कंपाउंडमध्ये (रबराच्या मिश्रणात) मेण आणि रासायनिक अँटिओझोनंट (ओझोनपासून वाचवणारं रसायन) दोन्ही हवेत. मेणाचा पापुद्रा न हलणाऱ्या भागालाच वाचवतो, हलत्या घडीवर तो तुटतो. नव्या बेलोवर पांढुरकी झाक दिसली तर बहुतेक वेळा ती मेणाचीच असते. ती पुसायला सांगू नका.

मोल्ड_डिझाइन:
आकडेमोड बघा. पहिल्या वर्षी भोसरीचे 1,31,000, चाकणचे 1,63,000. नगामागे 9 रुपये वाचतात, म्हणजे मोल्डमधला 50,000 चा फरक 5,556 नगांनंतर भरून निघेल, जवळपास पावणेतीन वर्षांनी. पण एका कॅव्हिटीवर क्युअरिंग (मोल्डमध्ये तापवून रबर पक्कं करणं) आणि काढणी धरून 12 मिनिटांची सायकल असेल तर आठ तासांत 40 नग, म्हणजे 500 नगांना साडेबारा शिफ्ट. एवढा प्रेस तुमच्यासाठी खरंच मोकळा आहे का, हे विचारा. नसेल तर तारीख गाठायला क्युअरिंगची मिनिटं कापली जातात, आणि कच्चा राहिलेला बेलो बाहेरून पक्क्यासारखाच दिसतो. दोन्हीकडून दोन कॅव्हिटीचा भाव मागवून बघा.

आणि हे नक्की बघा. बेलोचा मोल्ड उभा दुभागलेला असतो, त्यामुळे पार्टिंग लाइन (मोल्डच्या दोन भागांच्या जोडाची रेघ) सगळ्या घड्यांवरून वरून खाली जाते. तिथला फ्लॅश (जोडातून बाहेर आलेलं जादा रबर) कात्रीने ओबडधोबड कापला तर प्रत्येक खाचेतून भेग सुरू होते. दुसरी अडचण मधल्या कोअरची (बेलोची आतली पोकळी घडवणारा मोल्डचा भाग). कोअर जरा सरकला की भिंत एका बाजूला 1.4, समोर 2.6. पहिल्या नमुन्यांतले दोन नग उभे चिरा आणि वरच्या, मधल्या, खालच्या घडीवर चारही बाजूंनी जाडी मोजा. 0.3 पेक्षा जास्त फरक दिसला तर मोल्ड दुरुस्त झाल्याशिवाय पास करू नका.

खरेदी_विभाग:
मोल्डचं बिल तुमच्या नावाने घ्या, मोल्डवर तुमचं नाव आणि पार्ट नंबर खोदून घ्या, आणि मागाल तेव्हा मोल्ड परत मिळेल असं पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहा. हे नसेल तर उद्या भाव वाढवला तरी तुम्हाला हलता येत नाही. जॉबवर्कला दिलेल्या भांडवली मालाला जीएसटीत तीन वर्षांत परत आणायची अट आहे, मोल्ड-डायला ती लागू नाही.

कंपाउंड स्वतः मिसळतात की बाहेरून आणतात, तेही विचारा. बाहेरून आणलं तर बिघडत नाही, पण प्रत्येक बॅचचा रिओमीटर ग्राफ (रबर तापवल्यावर कसं पक्कं होतं ते दाखवणारा) हवाच. नमुन्यानंतर माल बदलतो तो इथेच: खडूची पूड आणि तेल वाढवलं की हार्डनेस तेवढाच राहतो, मीटरला काही कळत नाही. विशिष्ट गुरुत्व मात्र बदलतं. पास झालेल्या नमुन्याचं गुरुत्व नोंदवून ठेवा आणि प्रत्येक लॉटमधला एक तुकडा हवेत आणि पाण्यात तोलून बघा. ± 0.02 च्या बाहेर गेला तर लॉट थांबवा.

लिफ्टवाला_पुणे:
फार उपयोगी. हार्डनेस आम्ही आमच्याकडे थेट बेलोवर मोजला तर चालेल का?

कंपाउंडर:
नाही. शोअर ए हार्डनेस मीटरला 6 मिमी जाडी लागते, 2 मिमी भिंतीवर आकडा खोटा येतो. त्याच बॅचच्या 2 मिमी शीटचे तुकडे प्रत्येक लॉटसोबत मागवा, तीन एकावर एक ठेवून मोजा. तसं पीओतच लिहा, नाहीतर दुसऱ्या लॉटपासून तुकडे यायचे बंद होतात.