काम घेताना दर कुठे चुकला आणि मग कसा बसला? अनुभव सांगा

पापडी
परवा सदाशिव पेठेत एका जुन्या फ्लॅटचं रंगकाम सुरू केलं. पोरगा हॉलची भिंत खरवडत होता. पांढऱ्याखाली क्रीम निघाला, क्रीमखाली पोपटी. तो पोपटी माझ्या हातचा, २०११ चा. अंगावर घेतलेलं माझं पहिलं काम. मधे मालक बदलले. फ्लॅट तोच हे माहीत होतं, तरी तो रंग समोर आल्यावर पोटात कालवलं.

तेव्हा दारातून आत शिरलो, चारी बाजूंना नजर फिरवली आणि '३८ हजारात करून देतो' म्हणालो. काकांनी लगेच हो म्हटलं. आनंदात जिना उतरलो. भिंतींवर जुना चुना होता. लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, पहिला हात मारला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासकट पापडी हातात आली. सगळं परत खरवडलं. दोन माणसांचे सहा दिवस जास्तीचे गेले. माणसांची हजेरी आणि दुकानाचं बिल भागवून २३ दिवसांचे माझ्याकडे २,१०० रुपये उरले. माणसांची हजेरी धरली होती, माझी स्वतःची धरलीच नव्हती.

आता टेप लावल्याशिवाय आकडा सांगत नाही. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. लोक म्हणतात १२० फूट. भिंती ४४ गुणिले १०, म्हणजे ४४०. वर छत १२०. झाले ५६०. दार-खिडकी वजा करा, तरी चौपटीच्या वर. शिवाय ओला हात फिरवून बघतो, हाताला पांढरं लागलं की खरवडण्याचा दर वेगळा लिहितो.

तुमचंही सांगा. रंग, नळ, लाइट, सुतारकाम, काहीही. या धंद्यात नवीन पोरं येतायत, त्यांना कुणी सांगत नाही.

ओली_गच्ची
कोबा, म्हणजे गच्चीतून पाणी झिरपू नये म्हणून घालतात तो थर. १२ ब्रास (१,२०० चौरस फूट) गच्ची, जुना कोबा फोडून नवा करायचा, उक्तं ठरलं, सगळ्याचा मिळून एकच आकडा. फोडला तर खाली अजून एक कोबा. कुणीतरी आधीच्यावरच चढवलेला. चौथा मजला, लिफ्टमधून राडारोडा न्यायला सोसायटीची मनाई. गोण्या पाठीवर. टेम्पोच्या ५ फेऱ्या धरल्या होत्या, ११ झाल्या. चेअरमन म्हणाले 'दर ठरलाय ना?' ठरला होता. काम पूर्ण केलं, पाणी साठवून दाखवलं, थेंब गळला नाही. त्या साली बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या.

आता आधी एका कोपऱ्यात दीड फूट बाय दीड फूट फोडून बघतो. त्या खड्ड्याचे पैसे घेतो, काम मिळो न मिळो. आणि कोटेशनवर पहिलीच ओळ: खाली दुसरा थर निघाला तर ब्रासवर वेगळा दर.

पापडी
दादा, बांगड्या सुटल्या का?

ओली_गच्ची
सुटल्या. दोन दिवाळ्या गेल्या मधे.

पाना_पक्कड
वॉशरचं सांगतो. बेसिनचा नळ ठिबकतोय म्हणून फोन. गेलो, उघडला, आतला आटा झिजलेला. दुकानात गेलो, माप बसेना, परत गेलो. दीड तास. ३५० सांगितले तर काकू म्हणाल्या 'दहा रुपयांच्या वॉशरचे?' मी १०० घेऊन आलो. घरी बायको म्हणाली, पेट्रोलच किती गेलं?

तिनेच मग वहीत मांडलं. घरखर्च ३०,०००, गाडी, फोन, हत्यारं ६,०००. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज १,३८५ पुरतात. पण त्यातले ६ दिवस नुसतं बघायला जाण्यात, माल आणण्यात, पैसे मागण्यात जातात. उरले २०. म्हणजे रोज १,८०० सुटायलाच हवेत, त्याच्या खाली घरातून घालतोय मी. हे गणित मला १४ वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

आता फोनवरच सांगतो, येऊन बघायचे २५०, काम दिलंत तर बिलात वळते. निम्मे लोक फोन ठेवतात. उरलेले निम्मे चांगली माणसं असतात.

हिरवा_चाफा
मी गिऱ्हाईक बाजूची. 'दहा रुपयांच्या वॉशरचे' हे वाक्य मी स्वतः बोललेय, वाचून लाज वाटली. खरंच वाईट वाटतंय. आमच्याकडे येणाऱ्या दादांना पुढच्या वेळी सांगेन.

बाय द वे, ठाण्यात कुणी चांगला सुतार आहे का? पावसाने दार फुगलंय, बंदच होत नाही.

तिठा_कुडाळ
आमच्याकडे नळे परतायचं काम, म्हणजे कौलं. मे अखेर आला की सगळ्या गावाला एकाच वेळी माणूस हवा, आणि वर चढणारे आता चारच उरलेत. मी रोजावर घ्यायचो. फुटलेला नळा कुणाच्या खात्यावर, यावरून दरवर्षी वाद. जुनी मंगलोरी कौलं, पाय ठेवला की तडकणार. एका घरात ४० फुटली, मालकांनी माझ्या मजुरीतून कापली.

हल्ली चढायच्या आधी घरवाल्याला खाली उभं करून, शिडीवरून तडकलेली मोजून दाखवतो. कोऱ्या कागदावर आकडा, खाली त्यांची सही. भांडण संपलं. पाऊस दारात असताना घाईचा दर जास्त लावतो आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही, जीव वर असतो.

ओली_गच्ची
तिठा, कौलावर शेवाळ असेल तर? आमचा एक पोरगा घसरला होता मागे.

तिठा_कुडाळ
पोत्याचं ओलं बारदान टाकून त्यावर बसून सरकायचं. चपला नाहीत. सकाळी दव असतं, नऊनंतरच चढायचं. पोरगा बरा आहे ना?

ओली_गच्ची
बरा आहे. खालच्या कामाला ठेवलाय आता.

तार_जोडणी
२०२१. जानेवारीत पूर्ण घराच्या वायरिंगचं कोटेशन दिलं, मालासकट. पार्टीने जूनमध्ये 'करा सुरू' म्हटलं. मधल्या काळात तांबं भडकलेलं. ९० मीटरच्या कॉइलचा नवा भाव ऐकून दुकानाच्या पायरीवरच बसलो. शब्द दिला होता म्हणून केलं. तोटा झाला, किती ते लिहवत नाही. आता कोटेशनच्या खाली ठळक अक्षरात: १५ दिवस. आणि शक्यतो वायर मालकालाच आणायला लावतो, यादी मी देतो. मालावरचे चार पैसे जातात पण रात्री झोप लागते.

खतावणी
नवऱ्याचं फर्निचर आणि घरदुरुस्तीचं काम आहे, हिशोब मी बघते. भात लावलाय, त्यामुळे भराभर लिहिते.

पहिली गोष्ट. खर्चावर २० टक्के चढवले म्हणजे २० टक्के सुटले असं नसतं. खर्च ८०,०००, वर २० टक्के, बिल ९६,०००. सुटले १६,०००, ते बिलाच्या पावणेसतरा टक्केही भरत नाहीत. बिलाचे २० टक्के हवे असतील तर ८०,००० ला ०.८ ने भागा, १,००,००० येतात. चार हजारांचा फरक. वर्षात अशी दहा कामं केली तर पोराची फी निघाली.

दुसरी. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की आमच्यासारख्या सेवेच्या कामाला जीएसटी नोंदणी लागते. आम्ही नोंदणी केल्यावरही हे सवयीने 'लाखात सगळं आलं' असं सांगून आले. १८ टक्के त्यातूनच गेले. १,००,००० ला १.१८ ने भागा: आपले ८४,७४६, कर १५,२५४. मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण रोजंदारीच्या माणसांच्या मजुरीवर कसली मिळणार? त्या कामात आम्ही फुकट राबलो. यांना बोलले, मग दोघंही न जेवता झोपलो. तेव्हापासून 'अधिक जीएसटी' हे शब्द मी स्वतः टाइप करते, यांच्या हातात देत नाही.

तिसरी राहिली, शिट्टी झाली.

पाना_पक्कड
ताई, तिसरी सांगाच. वाट बघतोय.

मेलबर्नकर
इथे प्लंबर दारात येण्याचेच पैसे घेतो, हात लावण्याआधी, आणि कुणी हूं की चूं करत नाही. माझा चुलतभाऊ सांगलीला हेच काम करतो, हात त्याचा कितीतरी चांगला. पाना_पक्कड दादांचे २५० वाचून त्याला लगेच मेसेज केला. तो म्हणतो गावात ओळखीच्यांकडे कसे मागू? याला काय उत्तर देऊ?

पाना_पक्कड
ओळखीच्यांना माझाही तोच प्रश्न आहे. मी बिल पूर्ण लिहितो, खाली 'आपले म्हणून वजा' असं लिहून कमी करतो. निदान किती सोडले ते त्यांना दिसतं, मलाही.

खतावणी
आले. तिसरी: शेवटचा हप्ता. काम संपल्यावर १० टक्के राहिले की ते राहतातच. 'हँडल सैल आहे', 'साहेब गावाला गेलेत'. एका बंगल्याचे आमचे ३२,००० आजही यायचेत, नाव काढत नाही. आता विसार ४०, माल उतरला की ३०, पॉलिशच्या आधी २५, आणि शेवटी फक्त ५. पॉलिशच्या आधी मिळाले नाहीत तर माणसं दुसरीकडे पाठवतो. कठोर वाटतं, पण शनिवारी त्या माणसांना खर्ची द्यायला कुणी दुसरं येत नाही.

हिरवा_चाफा, दार फुगलं असेल तर आत्ता रंधा मारून घेऊ नका. दिवाळीपर्यंत सुकून आकसतं, मग फट राहते. तोवर खालून मेणबत्ती घासा.

हिरवा_चाफा
मेणबत्तीने लागलं दार!! खूप आभार. तुमच्या यजमानांना ठाण्यात यायचं असेल तर येऊन बघण्याचे पैसे आधी देईन.

पापडी
खतावणी ताई, ०.८ चं भिंतीवरच लिहून घेतलं, खरवडायच्या बाजूला. २०११ ला हे माहीत असतं तर.

आताच्या मालकीणबाईंना पोपटीची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, मग आमच्याकडून बरोबर घेताय ना? मापाचा कागद दाखवला, १,९०० फूट, त्यात माझी हजेरीसुद्धा लिहिलेली. वाचून म्हणाल्या ठीक आहे, आणि चहा टाकला. उद्या आतली खोली. तिथेही चुना आहे, हात फिरवून बघितलाय.