हजारभर शर्यती जिंकणारा चालक वरच्या गटात एकही का जिंकत नाही?

उद्यमनगरकर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे लेथचे लहानसे वर्कशॉप आहे. धाकट्या भावाचा मुलगा बाराव्या वर्षापासून कार्टिंग, म्हणजे लहान उघड्या गाड्यांच्या शर्यती, करतो. आता तो एकोणीस वर्षांचा आहे, घरातली बरीच पुंजी टायर, इंजिनाची कामे आणि प्रवेश शुल्क यांत गेलेली आहे, आणि ‘पुढे काय’ हा विषय रोज रात्री ताटावर बसले की निघतो. त्याचे म्हणणे असे की, देशपातळी गाठता आली नाही तरी अमेरिकेतल्या प्रादेशिक स्टॉक कार (रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्या) चालकांसारखे आपल्याच भागात शर्यती करून आयुष्य काढता येते. उदाहरण म्हणून तो विस्कॉन्सिनच्या डिक ट्रिकल यांचे नाव घेतो. लहान ट्रॅकांवर त्यांनी हजाराहून अधिक शर्यती जिंकल्या असे मानतात, परंतु नॅस्कार या अमेरिकेतल्या स्टॉक कार संघटनेच्या सर्वोच्च मालिकेत ३०३ शर्यतींत उतरूनही त्यांना एकही जिंकता आली नाही. ज्याला स्वतःच्या भागात तोड नव्हती त्याला वर गेल्यावर यश का मिळाले नाही, आणि त्यांचे हे प्रादेशिक जीवन खरोखर व्यवसाय होता की नुसता नाद, हे जाणकारांनी सांगावे.

मंगळवार_पेठ_ते_मॅडिसन

नोकरीनिमित्त मी काही वर्षे विस्कॉन्सिनमध्ये राहिलो आणि तिथल्या स्लिंगर या गावच्या ट्रॅकवर पुष्कळ रविवार घालवले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हा ट्रॅक जेमतेम पाव मैलाचा, म्हणजे चारशे मीटरचा आहे. वळणांना विहिरीच्या काठासारखा उतार दिलेला असतो आणि चांगली गाडी अकरा-बारा सेकंदांत एक फेरी संपवते. पहिल्या रांगांमध्ये बसले तर टायरचा झिजलेला रबर बारीक काळ्या कणांच्या रूपाने अंगावर येतो. घरी येऊन शर्ट झटकला की फरशीवर काळी रांगोळी पडत असे.

असे ट्रॅक त्या राज्यात गावोगाव आहेत. महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक गावाचा वार ठरलेला असतो, अगदी आपल्या आठवडी बाजारासारखा. त्यामुळे मेहनती चालक एका आठवड्यात तीन-चार गावे करू शकतो. १९७२ साली ट्रिकल यांनी ६७ शर्यती जिंकल्या. त्या भागात हिवाळ्याचे कित्येक महिने सगळे बर्फाखाली असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते कळते. रात्री शर्यत, दिवसा गाडीची दुरुस्ती आणि संध्याकाळी गाडी ट्रेलरवर चढवून पुढचे गाव, असा तो संसार होता. लहानपणी उंचावरून पडून त्यांचे कंबरेचे हाड मोडले होते आणि त्यांनी दीर्घ काळ प्लास्टरमध्ये काढला होता. चालताना ते लंगडत. (गाडीत सिगारेट पेटवण्याची सोय करून घेऊन पिवळा झेंडा दाखवून गाड्या सावकाश चालवायला लावल्या की शांतपणे झुरके घेणारा चालक म्हणूनही लोकांना ते आठवतात. भाच्याने, माफ करा, पुतण्याने त्यांचे एवढे मात्र घेऊ नये.)

आता मुख्य प्रश्न. वरच्या मालिकेत त्यांनी पहिल्यांदा जवळजवळ पूर्ण हंगाम केला तो १९८९ साली, आणि तोही दुसऱ्या चालकाला दुखापत झाल्यामुळे जागा रिकामी झाली म्हणून. त्या वर्षी ‘सर्वोत्तम नवोदित’ हा मान त्यांना मिळाला तेव्हा त्यांचे वय ४८ होते. ज्या वयात इतर चालक निवृत्तीचा विचार करतात त्या वयात ते नवोदित ठरले. शिवाय पाव किंवा अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर घडलेला हात अडीच मैलांच्या ट्रॅकवर आणि पाचशे मैलांच्या शर्यतीत नेला की जुनी शिदोरी फारशी पुरत नाही. आपल्या गाडीचा प्रत्येक बोल्ट स्वतः आवळणाऱ्या माणसाला तिथे दुसऱ्याने बांधलेली गाडी चालवावी लागते, हा भाग तर मला सगळ्यात मोठा वाटतो.

गंगावेसचा_जुना_मल्ल

वरील शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. लाल मातीत वाढलेल्या पैलवानाला मॅटवर उभे केले की पहिले काही दिवस त्याचे पायच त्याचे ऐकत नाहीत, हे आपण तालमीत पाहत आलो आहोत. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि मॅटची सवय झाल्यावर १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. खाशाबांना चार वर्षांनी दुसरी संधी मिळाली तेव्हा ते ऐन विशीत होते. ट्रिकल यांची पहिली खरी संधीच पन्नाशीच्या उंबरठ्यावर आली.

तरीही माझे मत असे की, तुमच्या पुतण्याने उदाहरणच चुकीचे निवडले आहे. प्रादेशिक चालकाचे जीवन पाहायचे तर रिची इव्हान्स यांचे पाहावे. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम या लहान शहराचा हा शेतकऱ्याचा मुलगा नारिंगी रंगाची ६१ क्रमांकाची मॉडिफाइड (पुढची चाके उघडी असलेली, खास बदल केलेली) गाडी चालवत असे आणि नॅस्कारच्या मॉडिफाइड गटाचे राष्ट्रीय विजेतेपद त्याने ९ वेळा मिळवले. त्याच शहरातल्या जेरी कुक यांच्याकडे ६ विजेतेपदे आहेत. १९७१ ते १९८५ ही सलग पंधरा वर्षे ते पद रोमबाहेर गेलेच नाही! एका गल्लीतल्या दोन तालमींनी पंधरा वर्षे गदा आपसांत फिरवत ठेवावी, तसा हा प्रकार आहे. इव्हान्स १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर सरावात अपघात होऊन मरण पावले, आणि नवव्या विजेतेपदाची निश्चिती त्याआधीच झालेली होती. २०१२ साली नॅस्कारच्या मानवंदना दालनात (हॉल ऑफ फेम) त्यांचा समावेश झाला. सगळे कर्तृत्व प्रादेशिक ट्रॅकांवरचे, तरीही ते त्या दालनात आहेत. जत्रेच्या मैदानात शेवटची कुस्ती कोणाची लागते यावरून पैलवानाची किंमत ठरवणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

शिरोली_टूलरूम

उद्यमनगरकर, तुम्ही लेथवाले आहात म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण या गाड्यांची खरी गंमत तिथेच आहे. घरातले वर रुंद आणि खाली निमुळते फुलपात्र फरशीवर आडवे करून ढकलून पाहा. ते सरळ जाणार नाही, निमुळत्या बाजूकडे गोल वळेल. ओव्हल, म्हणजे लंबवर्तुळाकार, ट्रॅकवर गाडीला फक्त डावीकडे वळायचे असते, म्हणून मागच्या दोन चाकांपैकी उजव्या टायरचा परीघ डाव्यापेक्षा मुद्दाम जास्त ठेवतात. मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे गाडी फुलपात्रासारखी आपोआप डावीकडे ओढ घेते. त्याशिवाय स्प्रिंगवरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून चारही चाकांवरचा भार बदलतात. वळणात गाडीचे नाक भिंतीकडे जात असेल तर एका दिशेने, मागचा भाग सुटत असेल तर उलट. संध्याकाळी ऊन उतरून डांबर थंड झाले की हे गणित पुन्हा बदलते. प्रत्येक गावच्या ट्रॅकचे हे गणित डोक्यात असणे, हीच प्रादेशिक चालकाची मिळकत. ट्रिकल किंवा इव्हान्स वर्षानुवर्षे त्याच ट्रॅकांवर का जिंकत, याचे निम्मे उत्तर यात आहे.

मंगळवार_पेठ_ते_मॅडिसन

व्यवसाय की नाद, याचे उत्तर राहिलेच होते. ट्रिकल आणि इव्हान्स यांचा तो व्यवसाय होता, पण त्यांच्या भोवतीचे बहुतेक चालक दिवसा गॅरेजमध्ये किंवा शेतात काम करून रात्री शर्यत करणारे होते आणि बक्षिसाची रक्कम टायरवालाच घेऊन जाई. आपल्याकडची अडचण याहून मूलभूत आहे. कोल्हापूरने मोहिते रेसिंगसारखी अकादमी उभी केली आणि ब्रिटिश एफ-थ्री (फॉर्म्युला थ्री) या स्पर्धेत शर्यती केलेले कृष्णराज महाडिक इथलेच, हे खरे. परंतु कार्टिंग संपले की पुढचे मोठे डांबरी ट्रॅक बहुतेक दूर, कोइम्बतूर, चेन्नई किंवा नोएडाजवळ. वारानुसार गावे करायची तर आधी तेवढे ट्रॅक हवेत. माझ्या मते पुतण्याने स्टिअरिंग सोडू नये, मात्र पोट गाडी बांधण्यावर भरावे, चालवण्यावर नव्हे.

उद्यमनगरकर

सर्वांचे आभार. काल रात्री जेवणानंतर पुतण्याला विचारले की, गेल्या वर्षी प्रत्यक्ष शर्यतीचे दिवस किती झाले. बोटांवर मोजून तो म्हणाला, नऊ. त्यावर मी ट्रिकल यांच्या १९७२ मधल्या ६७ विजयांचा आकडा सांगितला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग स्वयंपाकघरातून फुलपात्र आणून त्याने फरशीवर सोडले. ते गोल फिरून त्याच्याच पायाशी आले. सोमवारपासून तो सकाळी माझ्याकडे लेथवर येणार आहे. शनिवार-रविवार मोकळे ठेवण्याची अट त्याने घातली, ती मी मान्य केली आहे.